दारावरचे दातांचे डॉक्टर

फोन आला तेव्हा मी अंगणात मुंगवड्या घालत होते. हाताला पीठ होतं म्हणून पहिल्यांदा उचलला नाही. लगेच पुन्हा वाजला, तेव्हा कळलं की काहीतरी आहे. माझ्या निवृत्तीनंतर कॅज्युअल्टीची इन्चार्ज झालेली सुनीता बोलत होती. "मॅडम, दातवाले सर गेले," ती म्हणाली आणि कसं ते सांगू लागली. सकाळची नमाज पढून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली. कोणाला त्रास नाही, दवाखाना नाही, धावपळ नाही. आयुष्यभर लोकांच्या धावपळीत राहिलेल्या माणसाला असं जाणं मिळालं, याचं मला त्या क्षणीही बरं वाटलं. हात धुतले, मुंगवड्या तशाच सोडल्या आणि चिखलीहून खामगावची एसटी धरली.

पोचले तेव्हा त्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी आत बायकांमध्ये, त्यांच्या पत्नी नसीमभाभींजवळ जाऊन बसले. खिडकीतून बाहेरची माणसं दिसत होती. मोताळ्याकडची होती, अमडापूरची होती, डोक्याला दुपट्टा बांधलेली, टोपी घातलेली, बोडकी. यातली बरीच माणसं मी कधीतरी हाताळली असणार, पण साथीच्या त्या दिवसांत त्यांच्या तोंडावर मास्क होते आणि माझ्या अंगावर तो पांढरा पोशाख. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही. मुश्ताक सरांना मात्र सगळे ओळखत होते. जनाजा उचलला तेव्हा सगळ्यात पुढे खांदा द्यायला त्यांचे मोठे भाऊ हनीफभाई होते. ते पाहून मी जरा चमकले. का, ते पुढे सांगते.

डॉ. मुश्ताक हे दंतचिकित्सक. जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं काम केलं. त्यांची खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, औषधभांडाराच्या पलीकडे. खुर्ची जुनी, तिची पाठ एका बाजूला कललेली, त्यामुळे पेशंटला थोडं तिरपं बसावं लागे आणि सरांनाही थोडं तिरपं उभं राहावं लागे. इतर डॉक्टर मंडळी त्यांना आपल्यातलं धरत नसत. दात काढणारा तो काय डॉक्टर, असा एक सूर असायचा. सरांच्या ते गावीही नसे. त्यांच्या खोलीतून ओरडण्यापेक्षा हसण्याचा आवाज जास्त यायचा. खेड्यातली बाई पदर तोंडात कोंबून बसलेली असायची आणि हे तिला विचारत, "माय, तुह्या गावात भरताची वांगी कोनाच्या वावरातली चांगली?" ती उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि यांचं काम सुरू व्हायचं. लहान पोरांना म्हणत, "आ कर बे, मी काई तुले गिळून नाई राह्यलो." भ्यालेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे मी नर्सिंगच्या शाळेत जेवढं शिकले त्यापेक्षा त्या खोलीच्या दारात उभी राहून जास्त शिकले.

मग ती साथ आली. दातांची ओपीडी पहिल्याच फटक्यात बंद झाली, कारण पेशंटच्या उघड्या तोंडासमोर तोंड नेण्याइतका धोका दुसरा नव्हता. सरांना साखरेचा त्रास, वय निवृत्तीला आलेलं, त्यामुळे कोविडच्या कामातून त्यांना सूट मिळत होती. घरी बसले असते तरी कोणी बोट दाखवलं नसतं. एके दिवशी सकाळी ते कॅज्युअल्टीच्या दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "सर, काही हवंय का?" तर म्हणाले, "सिस्टर, घरी बसून बसून तुमच्या भाभीची अन् माही भांडणं होऊन राह्यली. मले काम द्या." मला वाटलं गंमत करताहेत. पण ते तिथून हललेच नाहीत.

आमच्याकडे एकच फिजिशियन, पाटील मॅडम. नुकत्याच शिकून आलेल्या, वयानं सरांच्या मुलीएवढ्या. सर त्यांच्यापुढे विद्यार्थ्यासारखे उभे राहत. श्वास कसा मोजायचा, ऑक्सिजन किती लावायचा, कोणाला बसवायचं, कोणाला पालथं झोपवायचं, सगळं विचारून घेत, आणि चुकलं की मॅडम सगळ्यांसमोर बोलत. एकदा त्यांनी पेशंटला ऑक्सिजनचा मास्क उलटा बसवला, तेव्हा मॅडम चिडून म्हणाल्या, "सर, हे दाढेत भरायचं सिमेंट नाही." सर म्हणाले, "बरोबर हाये मॅडम. पुन्हा दाखवा." पुन्हा दाखवलं. त्यानंतर ते कधी चुकले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण तीच चूक दुसऱ्यांदा केलेली मला आठवत नाही. त्यांची एकच तक्रार असे. मास्कमुळे त्यांची ओळखीची माणसं हरवली होती. "मी माणूस दातावरून ओळखतो, सिस्टर," ते म्हणत, "आता समदे सारखेच दिसून राह्यले."

पहिली लाट आम्ही कशीबशी रेटली. दुसरी आली तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातलं ऊन तापायला लागलं होतं. कॅज्युअल्टीतल्या खाटा भरलेल्या, बाकं भरलेली, दोन खाटांमधल्या फरशीवर चादर टाकून माणसं झोपलेली. बाहेर काळीपिवळ्या जीपा, ॲपे रिक्षा, छोटा हत्ती टेम्पो यांची रांग फाटकाच्या बाहेर रस्त्यापर्यंत. ज्याच्या नातेवाइकाच्या अंगात जोर जास्त तो पेशंट आधी आत, असं व्हायला लागलं. दारावर रेटारेटी, शिव्या. एका सकाळी आमच्या नर्सिंग ब्रदरचा शर्ट फाटला. त्या दिवशी मुश्ताक सर म्हणाले, "सिस्टर, हे लोक आत येऊन राह्यले म्हणून गर्दी हाये. आपणच बाहेर जाऊ." आणि गेले. प्लास्टिकचं एक स्टूल कडुनिंबाखाली टाकलं, ऑक्सिमीटर गळ्यात अडकवलं आणि गाडी आली की पेशंटनं उतरायच्या आत हे गाडीत डोकं घालून पाहायला लागले. ज्याला लगेच ऑक्सिजन हवा तो आत, ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो झाडाखालच्या बाकांवर, आणि ज्याला नुसती भीती होती त्याला गोळ्या देऊन, समजावून घरी. रोजच्या जेवणाच्या सुट्टीत पाटील मॅडम बाहेर येऊन त्यांनी लावलेली वर्गवारी तपासत. आधी कपाळाला आठ्या घालून तपासत. मग आठ्या गेल्या. मग तपासणंही कमी झालं.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. अमडापूरकडून एक जीप आली. पुढच्या सीटवर एक तरुण माणूस छाती धरून ओरडत होता, "मले दम लागून राह्यला, मले आत न्या." चार जण त्याला धरून उतरवायला लागले. सरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ जीपच्या मागच्या बाजूला गेले. तिथे त्याचा काका, शिवणकाम करणारा एक म्हातारा, पिशवी मांडीवर घेऊन शांत बसला होता. "तुमाले काय होते बाबा?" सरांनी विचारलं. "काही नाई. पोराले पाहा," तो म्हणाला. सरांनी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं आणि तिथूनच मला हाक मारली. म्हातारा बोलत बोलत बुडत होता, ऑक्सिजन पार खाली गेलेला. आम्ही त्याला आत घेतलं. पोराला सरांनी झाडाखाली बसवून पाणी पाजलं, गावातल्या भजनी मंडळाची चौकशी केली, आणि थोड्या वेळानं तो स्वतःच म्हणाला की आता बरं वाटतंय. मी नंतर विचारलं, "सर, तुम्ही मागे कसे काय गेलात?" तर म्हणाले, "माह्या खुर्चीत जो बोंबलते ना, त्याचं मले टेन्शन नसते. त्याचा दम शाबूत हाये. जो गप्प बसते त्याच्यावर डोळा ठेवा लागते."

सगळेच वाचले असं नाही. ते तसं लिहिलं तर खोटं होईल. जे गेले त्यांच्या माणसांना बाहेर जाऊन सांगणं हे काम कोणालाच नको असायचं. आम्ही "प्रयत्न चालू आहेत", "तब्येत नाजूक आहे" असं काहीबाही बोलून वेळ काढायचो. सरांनी ते काम आपणहून घेतलं. ते समोर जाऊन उभे राहत, नाव घेत आणि पहिल्याच वाक्यात सांगत, "तुमची आई गेली." मग थांबत... रडू देत. कोणी अंगावर धावून आलं तर तिथेच उभे राहत. मी त्यांना म्हटलं होतं, जरा हळूहळू सांगत जा. ते म्हणाले, "सिस्टर, हळूहळू सांगतलं तं माणूस हळूहळू मरते. एकदा सांगावं, अन् मंग त्याच्याजवळ बसावं." आणि ते खरंच बसत.

आता हनीफभाईंचं सांगते.

वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला हनीफभाईंनीच वाढवलं होतं. खामगावला त्यांचा सरकीचा व्यापार. मुश्ताक सर त्यांच्यापुढे खुर्चीवर बसत नसत, हे मी सरांच्या मुलीच्या लग्नात स्वतः पाहिलेलं. एका दुपारी, भर उन्हात, फाटकातून एक पांढरी गाडी आली. चालवत होता इर्शाद, हनीफभाईंचा मुलगा. मागच्या सीटवर हनीफभाई. श्वास जोरात चाललेला, एक वाक्य दोन तुकड्यांत येत होतं. त्याच वेळी त्यांच्या मागून मोताळ्याकडचा एक छोटा हत्ती आला. त्यात गोधडीवर एक बाई पडलेली, तिचा नवरा दुपट्टा ओला करून तिच्या कपाळावर ठेवत होता. आत एक पेशंट नुकताच वॉर्डात हलवला होता, त्यामुळे ऑक्सिजनची एकच जागा मोकळी होती. नवी सिलिंडर घेऊन निघालेली गाडी अजून रस्त्यात होती. आणि पाटील मॅडम वॉर्डात एकाच्या घशात नळी घालत होत्या, त्यांना बोलावणं शक्य नव्हतं.

मी दारातून पाहत होते. सर नेहमीसारखे गाडीत वाकले आणि भावाचा चेहरा दिसल्यावर तसेच थबकले. ऑक्सिमीटर पुढे केलं, पण हात इतका कापत होता की ते बोटावर चढेना. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. मग ते गाडीपासून दोन पावलं मागे सरले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, हे माहे मोठे भाऊ हायेत. यायले मी नाई पाहत. तुमी पाहा. अन् त्या गाडीतल्या बाईलेही तुमीच पाहा."

हनीफभाईंनी मान उचलली. "मुश्ताक," ते म्हणाले, "तू नहीं देखेगा मुझे?"

सरांनी ऑक्सिमीटर गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं.

मी दोघांना पाहिलं. हनीफभाईंना ऑक्सिजन हवा होता, यात शंका नव्हती. पण ते बोलत होते, चिडत होते, उठून बसू पाहत होते. त्या बाईचे ओठ निळे पडले होते आणि ती माझ्याकडे पाहत असूनही मला पाहत नव्हती. आकड्यांत तर दोघांची तुलनाच होत नव्हती. मी म्हटलं, "बाईला आत घ्या." विचार करण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि आजही मला त्यावर दुसरा विचार सुचत नाही. ती बाई वाचली. हे सांगायला मला आवडतं, पण ती वाचली नसती तरी निर्णय तोच होता.

इर्शाद सरांच्या अंगावर आला. "चाचा, ये अब्बू हैं," तो ओरडला. सर म्हणाले, "मालूम है बेटा. पीछे की सीट पूरी खाली कर." मग त्या दोघांनी मिळून हनीफभाईंना मागच्या सीटवर पालथं झोपवलं, छातीखाली उशी दिली, गाडी झाडाच्या सावलीत घेऊन चारही दारं उघडी टाकली. सर पुढची गाडी पाहायला जात आणि परत इकडे येत, पुन्हा जात, पुन्हा येत. थोड्या वेळानं एक रुग्णवाहिका परतली, तिच्यातलं छोटं सिलिंडर काढून त्यांनी भावाला लावून घेतलं. संध्याकाळी सिलिंडरची गाडी आली आणि हनीफभाई वॉर्डात दाखल झाले. बरेच दिवस होते, पण चालत घरी गेले. सर रोज दोन वेळा त्यांच्या खाटेशी जाऊन उभे राहत. हनीफभाई भिंतीकडे तोंड करून झोपत.

पुढे साथ ओसरली. सरांची कललेली खुर्ची पुन्हा सुरू झाली, मग ते निवृत्त झाले, काही दिवसांनी मीही झाले. अधूनमधून फोन व्हायचा. मी विचारायची, "भाऊ कसे आहेत?" ते म्हणायचे, "बरे हायेत. दुकानावर जाऊन राह्यले." ईदला जात होते, शिरखुर्मा खाऊन लवकर परत येत होते, एवढं मला माहीत होतं. जास्त विचारावं असं त्यांनी कधी वाटू दिलं नाही.

चाळिसाव्याला, म्हणजे सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, मी पुन्हा खामगावला गेले. जेवणं उरकल्यावर नसीमभाभींनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि बोलता बोलता जे सांगितलं, ते ऐकून मी सुन्न झाले. एवढी वर्षं घरात सगळ्यांची समजूत होती की त्या दिवशी भावाला मागे ठेवून परक्या बाईला खाट दिली, ती मुश्ताक सरांनी. इर्शादनं तसं सांगितलं होतं. सरांना एकदा सगळ्यांसमोर विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले होते, "हाँ, दरवाजे पे मैं ही था." बस. माझं नावही घेतलं नव्हतं. भाभी म्हणाल्या, "मला एकटीला सांगितलं होतं त्यांनी, सिस्टरनी बरोबर केलं म्हणून. पण बाहेर बोलायचं नाही म्हणाले. त्या सिस्टरला उद्या इथेच नोकरी करायची आहे, लोक तिच्या दारात जातील..."

मी उठले आणि बाहेर ओसरीवर गेले. हनीफभाई एकटेच खुर्चीत बसले होते. आता चांगले म्हातारे दिसत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "भाईजान, मी त्या दिवसाची सिस्टर. बाईला आत घ्या असं मी म्हटलं होतं. सरांनी काहीच ठरवलं नाही. निर्णय माझा होता आणि तो बरोबर होता."

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "मी तं समोरच होतो ना, ताई. तुमी बोलल्या ते ऐकलं मी. इर्शाद पोरगा हाये, त्याले वाटलं ते तो बोलला. मले खाटेचा राग नोयता. ती बाई मरून राह्यली होती, हे मलेही दिसत होतं."

"मग?"

"त्यानं मले तपासाले हात नाई लावला." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दिवसभर तो कोनाकोनाच्या गाडीत डोकं घालून राह्यला होता. माही गाडी आली अन् तो मागं सरकला. मले वाटलं, याले आता आपल्या जिवाची भीती वाटून राह्यली... माहीच भीती वाटून राह्यली."

मला काय सांगायचं आहे ते मला नीट माहीत होतं. मी म्हटलं, "भाईजान, त्यांचा हात कापत होता. दोनदा लावायला गेले, दोनदा निसटलं. मी दारातून पाहत होते. त्या सबंध साथीत त्यांचा हात कापलेला मी तेवढाच पाहिला. तुम्हाला चुकीचं तपासलं जाईल म्हणून ते मागे सरले. आणि दोघांत निवड करायची वेळ आली, तर आपण तुमच्याच बाजूनं झुकू, हेही त्यांना माहीत होतं."

बाहेर पोरं सतरंज्या झटकत होती. "मी डोळे मिटून होतो तवा," हनीफभाई म्हणाले. "दमच पुरत नोयता, बोटाले काय लागलं तेही समजलं नाई. हात नाई पाह्यला मी त्याचा." मग म्हणाले, "शेवटचा गुस्ल मीच दिला त्याले. मौलाना म्हणत होते तुमी बसा, तुमचं वय झालं. मी म्हनलं नाई, लहानपणी मीच आंघोळ घालत होतो... त्याचे हात मीच धुतले."

आतून चहा आला. त्यांनी ट्रेमधला कप स्वतः उचलून माझ्या हातात दिला आणि खुर्ची थोडी माझ्याकडे सरकवली. "ताई," ते म्हणाले, "त्या झाडाखाली तो काय करत होता, ते मले कोनी धड सांगतलंच नाई. लोक मयतीले आले अन् रडून गेले. अमडापूरचा एक म्हातारा शिंपी तं माह्या गळ्यात पडून रडला. मी कोनाले विचारू शकलो नाई, का माह्या भावानं तुमचं काय केलं. तुमाले घाई नसंन तं सांगा."

मला घाई नव्हती. शेवटची एसटी संध्याकाळी होती. मी चहाचा घोट घेतला आणि सर कॅज्युअल्टीच्या दारात येऊन काम मागत उभे राहिले होते, त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.